खोदलेल्या रस्त्यावर तुझ्या शेजारी

सुनंदा,

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मला डायलिसिसला जावं लागलं. सकाळी तुझी राख सावडली आणि दुपारी उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात, नेहमीच्या खुर्चीवर डावा हात पुढं करून बसलो. निघताना तुझा भाऊ दारात आडवा आला. ‘आजच्या दिवस नाय गेलं तर चालत नाय का, दाजी?’ आपली प्राचीच म्हणाली, ‘नाही चालत, मामा.’ बिचारा बाजूला झाला. त्याचं तरी काय चुकलं? बहीण जाऊन तीन दिवस झालेले आणि मेव्हणा कपडे घालून दवाखान्यात निघालेला.

जायचा नंबर माझा होता. हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साखरेनं आधी माझे डोळे खाल्ले, मग मूत्रपिंडं. डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं आणि तू ते मला जसंच्या तसं सांगितलं होतंस. त्यामुळं आपण दोघांनीही मनाची तयारी केली होती ती माझ्या जाण्याची. तुझी रक्तदाबाची गोळी सोडली तर तुला औषध म्हणून माहीत नव्हतं. तुझ्या जाण्याची तयारी कुणाचीच नव्हती, सुनंदा. आज पाणी कुठल्या नळाला कधी येतं हेसुद्धा मला शेजाऱ्यांना विचारावं लागतं.

घरात बसून तुझा चेहरा आठवायला गेलो की नीट आठवत नाही. गाडीत बसलेली तू मात्र लगेच दिसतेस. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं, पदर कमरेला खोचलेला, मान थोडी पुढं. माझ्या धूसर डोळ्यांना तुझा उजवा गाल कधी दिसलाच नाही, डावाच दिसायचा.

तू गाडी शिकायचं काढलंस तेव्हा मी हसलो होतो. पन्नाशी ओलांडलेली बाई, आयुष्यात कधी सायकलसुद्धा न चालवलेली. आणि मी कोण, तर औषधांची बॅग घेऊन बीड, परभणी, जालना पालथं घातलेला माणूस. डोळ्यांमुळं गाडी सोडावी लागली याचंच मला दुःख होतं, त्यात माझी गाडी तू चालवणार. पण रिक्षानं येताना माझे हाल व्हायचे. मशीनवरून उठल्यावर अंगात त्राण नसायचं आणि हर्सूलपर्यंतच्या धक्क्यांनी हाताच्या पट्टीतून रक्त यायचं. एकदा तू तुझ्या पदरानं माझा हात घट्ट दाबून धरलास तो घरापर्यंत सोडला नाहीस. पायरी चढताना म्हणालीस, ‘मी गाडी शिकते.’

मी हसलो.

‘हसा,’ तू म्हणालीस, ‘पण चावी द्या.’

सिडकोतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तुझ्याबरोबर सगळी कॉलेजची पोरं. ती तुला काकू म्हणायची. घरी येऊन तू भाकरी थापताना पायानं क्लच दाबून बघायचीस, तेही मला कळायचं. लायसन्स आलं, आणि नेमका त्याच सुमारास आपल्या घरापासून तलावाच्या पुढंपर्यंत सगळा रस्ता खोदला गेला. एक बाजू उकरलेली, दुसऱ्या बाजूनं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी आळीपाळीनं जायचं. नव्या ड्रायव्हरला मिळाला तो हा रस्ता. मी म्हटलं, काम होईपर्यंत रिक्षानंच जाऊ. तू म्हणालीस, ‘काम व्हईपर्यंत तुम्हाला थांबता येतंय का?’

आठवड्यातून तीनदा आपण त्या रस्त्यानं गेलो. पहिल्यांदा मला तुझ्या चालवण्याचा वैताग यायचा. ‘पुढे काम चालू आहे’ हा पिवळा बोर्ड लांबून दिसला की तू लगेच पाय उचलायचीस. गाणी बंद करायचीस, काच खाली घ्यायचीस. मी म्हणायचो, धूळ येते. तू म्हणायचीस, ‘येऊ द्या. मागं येणारं मशीन ऐकू तर येईल.’ धुरळा उठला की भर दुपारीसुद्धा तुझे दिवे चालू. खडी भरलेल्या हायवा डंपरच्या मागं तू कधी चिकटली नाहीस. ‘त्याच्या आरशात मी दिसत नाय, तर त्याच्यासाठी मी हायेच नाय,’ असं म्हणून मागं राहायचीस, आणि त्या मोकळ्या जागेत दुसरा कुणीतरी घुसायचा. घुसला की मी चिडायचो. तू पुन्हा थोडी मागं.

दोन रांगांची एक रांग व्हायची तिथं तू एकाला आत घ्यायचीस, मग स्वतः जायचीस. मागचे हॉर्न वाजवायचे. एकानं बाजूनं जाताना ओरडून विचारलं होतं, ‘बाई चालवती का?’ तू काच खाली असल्यानं शांतपणे उत्तर दिलंस, ‘व्हय.’

माझ्या ड्रायव्हरच्या जिवाला हे सोसायचं नाही. ‘काढ ना, सुनंदा. जागा आहे.’ हे माझं वाक्य तर तुला पाठ झालं होतं. बरं, मला जागा दिसायची कुठं? मला दिसायचे ते रंगांचे पट्टे. पण शेजारच्याला सल्ला दिल्याशिवाय माझं पोट भरायचं नाही.

‘जागा काम करणाऱ्यांची हाय,’ तू म्हणायचीस, ‘आपली नाय. आपण त्यांच्या दारातून जायलोत.’

त्या रांगेत थांबल्या थांबल्या आपण जेवढं बोललो, तेवढं लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो. माझी नोकरीची वर्षं फिरतीत गेली. सोमवारी निघायचो, शनिवारी यायचो. घरी आल्यावर आपण बोलायचो ते फीचं, गॅसच्या नंबराचं, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं त्याचं. इथं इंजिन बंद, समोर लाल झेंडा, आणि तू. एकदा तलावाकडं बघत तू सहज म्हणालीस, ‘मला शेपू आवडत नाय.’ मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मला आवडते म्हणून तू दर आठवड्याला शेपू करत होतीस, माझ्यासमोर बसून खातही होतीस. ‘मग सांगितलं का नाही?’ तर म्हणालीस, ‘शनिवारी तुम्ही दमून यायचे. तेवढ्यात शेपूचं कुठं काढू?’ मी इतका हसलो की पुढची गाडी सुटली तरी तुला कळलं नाही.

आणि माझ्या मागं तू काय करशील, याच्याही गप्पा तिथंच. तू गाडी घेऊन थेट कोकणात जाणार होतीस, समुद्र बघायला. मी म्हटलं, एकटी? तू म्हणालीस, ‘तुम्ही शेजारी नसल्यावर लई निवांत चालवीन.’ आपण हसायचो. प्राची फोनवर ऐकायची आणि चिडायची, असलं अभद्र का बोलता म्हणून. तिला आपण सांगितलं नाही की त्या बोलण्यानंच माझी भीती कमी झाली होती.

आता त्या दिवसाचं बोलतो. आपल्यात जे भांडण शेवटपर्यंत राहिलं, त्याचं.

मधे रविवार आल्यानं डायलिसिसला एक दिवस जास्त गेला होता, कडक उन्हाळा होता, अंगात पाणी साठलं होतं. सोमवारी सकाळी उठलो तोच श्वास पुरेना. आडवं होता येईना, बसता येईना. अँब्युलन्सला फोन केला तर यायला वेळ लागेल म्हणाले. तू मला गाडीत घातलंस, सीट सरळ केलीस, निघालीस. तलावापाशी आलो आणि समोर लाल झेंडा. रस्त्याकडेच्या खोल नालीत पाइप बसवत होते. जेसीबीच्या तोंडाला साखळीनं बांधलेला सिमेंटचा पाइप रस्त्यावर आडवा लोंबकळत होता. हे सगळं तू मला नंतर सांगितलंस. मला पिवळं काहीतरी हलताना दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडं मोकळा उजेड.

‘काढ गाडी,’ मी म्हणालो.

‘थांबा.’

‘अगं, जागा आहे! मला दिसतीये जागा!’

‘जागा हाय, पण खाली माणसं हायेत. पाइप हलला तर त्यांच्यावर जाईल.’

‘मी मरतोय, सुनंदा.’

तू हँडब्रेक ओढलास. सगळ्या काचा खाली केल्यास, माझ्या शर्टाची वरची बटणं काढलीस. मग गाडीतून उतरून निघून गेलीस. मला वाटलं, मला टाकून गेलीस. श्वास न पुरणाऱ्या माणसाला काहीही वाटतं. लाल ठिपक्याजवळ तुझी निळी साडी दिसत होती. तिथं किती वेळ उभी होतीस कुणास ठाऊक, मला ते तास वाटले. मग शिट्टी वाजली. मशीनचा आवाज बंद झाला. माणसांचे आवाज आले, चढा, चढा, हात दे. तू परत येऊन बसलीस, काही न बोलता गाडी सुरू केलीस. झेंडेवाला इलियास आपल्या पुढं पळत होता, समोरच्यांना थांबवत होता, ओरडत होता. आणि त्याच्या मागून तू चालत्या माणसाच्या वेगानं गाडी नेत होतीस. मी डॅशबोर्डवर हात आपटत होतो.

हर्सूल टी पॉइंट ओलांडला आणि मग तू जी गाडी हाणलीस, हॉर्नवरचा हात न काढता, तशी मी माझ्या भरातल्या वर्षांतही कधी हाणली नव्हती.

मी वाचलो. पण चार दिवसांनी बोलण्याइतका श्वास आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो तुला आठवत असेल. ‘मी मेलो असतो तर?’

तू सफरचंद कापत होतीस. ‘तर मी जन्मभर रडले असते.’

‘म्हणजे तुझी तयारी होती.’

‘आणि त्या नालीतलं कुणी मेलं असतं तर? आपण दोघं वाचून, घरी येऊन, एकमेकांच्या तोंडाकडं बघून जेवलो असतो का?’

मी दुसरंच काहीतरी काढलं. पुढची दोन वर्षं हे भांडण असंच चाललं. कधी थट्टेत, कधी खरंखुरं. मी म्हणायचो, तू माझ्यापेक्षा परक्या माणसांचा विचार आधी केलास. तू म्हणायचीस, आधी-नंतर काही नव्हतं, दोन्ही एकदमच होतं. मी म्हणायचो, तुला भीती कशी वाटली नाही? तू गप्प बसायचीस. त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा.

खरं सांगू? तू थांबलीस ते बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मला हवं होतं ते एवढंच, की माझ्यासाठी तुझा एकदा तरी तोल सुटावा. माझा जीव जात होता आणि तुझा हात हँडब्रेकवर स्थिर होता. ते मला खुपत राहिलं. हे मी कधी नीट बोललो नाही, कारण बोलायला लागलो की ते लहान मुलाच्या हट्टासारखं वाटायचं. तू जाण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तोच विषय निघाला होता, तलावापाशीच. बोलता बोलता हिरवा झेंडा झाला. तू म्हणालीस, ‘घरी गेल्यावर बोलू.’ घरी गेलो, लाइट गेलेली होती, डास होते, विषय राहून गेला.

पुढच्याच आठवड्यात तू अंगणात कपडे वाळत घालत होतीस. ‘डोकं लई दुखायलंय,’ म्हणालीस आणि पायरीवर बसलीस. मला वाटलं, उन्हानं. पाणी आणेपर्यंत तू कलंडली होतीस. तुझी गोळी, तुझा रक्तदाब, या घरात त्याची कुणी विचारपूसच केली नव्हती, इतकी माझ्या आजाराची गर्दी होती. अँब्युलन्समध्ये मी तुझा हात धरून बसलो होतो. तलावापाशी गाडीचा वेग कमी झाला, मग पुन्हा वाढला. बाहेर शिट्टी वाजली. त्यांनी आपल्याला वाट करून दिली, हे मला कळलं. तुला काही कळत होतं की नाही, माहीत नाही. मी तुला सांगितलं मात्र, ‘तलाव आला, सुनंदा.’

तर त्या तिसऱ्या दिवशी प्राची तुझी गाडी चालवत होती. तिला पुण्याची सवय, पण बोर्ड दिसल्यावर मी सांगायच्या आधीच तिनं वेग कमी केला. लाल झेंड्याला थांबली. आणि इलियास आपली गाडी ओळखून हसत हसत तुझ्या खिडकीपाशी आला. मला त्याचं हसू दिसलं नाही, प्राचीनं नंतर सांगितलं. मला त्याचा आवाज ऐकू आला. ‘सलाम मॅडम, आज तीन-चार दिनां के बाद...’ आणि तो थांबला.

मी वाकून म्हणालो, ‘मॅडम गेल्या, इलियास.’

‘कां गए?’

मग त्याला कळलं. तो पुटपुटत काहीतरी म्हणाला, अल्लाचं नाव घेतलं. मागं हॉर्न वाजत होते, त्याकडं त्यानं बघितलं नाही. खिडकी धरून उभा राहिला. ‘आप बीमार थे ना साब,’ तो म्हणाला, ‘उनो तो अच्छे थे.’

‘हो,’ मी म्हणालो. आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, ‘त्या दिवशी तू रस्ता करून दिलास म्हणून मी अजून आहे.’

‘वो दिन?’ तो म्हणाला. ‘वो दिन मैं नई भूलता, साब. मॅडम मेरे पास आए तो उनो के हात ऐसे कांप रे थे. रो रे थे उनो. हात जोड के बोले, भाई, मेरे घरवाले की जान जा री. मैं बोला, आप निकल जाव, मैं मशीन रुकाता. तो बोले, नई, पहले वो लोगां को ऊपर लो. ऐसे रोते रोतेच बोले. फिर पदर से मूं पोंछे, और गाडी में जाके बैठे.’

सुनंदा, तू रडत होतीस.

मला दिसलं नाही. पंचवीस पावलांवर तू रडत उभी होतीस आणि मला निळी साडी आणि लाल ठिपका दिसत होता. तोंड पुसून आलीस, म्हणजे मला ते कळू नये, मी घाबरू नये. दोन वर्षं मी तुला ‘भीती कशी वाटली नाही’ म्हणून टोचत राहिलो आणि तू एकदाही म्हणाली नाहीस, की अहो, मी त्या माणसापुढं हात जोडले होते. का नाही सांगितलंस? तुझं उत्तर मला ऐकायचंय. माझ्याजवळ आता पुरता श्वास आहे, वेळ आहे, तू नाहीस.

तू त्याच रस्त्यानं अँब्युलन्समधून गेलीस आणि वाट त्यानंच करून दिली, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं हिरवा झेंडा दाखवला. प्राचीनं गाडी सुरू केली, थोडं पुढं जाऊन कडेला घेतली आणि आम्ही दोघं रडलो. दवाखान्यात पोचायला उशीर झाला म्हणून नर्स रागावली.

तुला आवडेल असं एक सांगतो. तेराव्याच्या आधी एकदा जेवताना प्राची म्हणाली, आईशी माझं फोनवर बोलणं व्हायचं त्यात अर्धं तुमच्याबद्दल असायचं. बाबा आज किती पाणी प्यायले, बाबा आज कुणाला हसले. मी तिला म्हटलं, आणि मला वाटायचं की तुम्ही दोघी माझ्या तक्रारी करता. ती म्हणाली, ‘त्याही करायचो.’

तेरावं झालं. पाहुणे गेले. प्राची मला पुण्याला घेऊन जायचं म्हणत होती. तिथंही मशीन आहे, तिथंही खुर्ची आहे. मी म्हटलं, वर्षभर तरी इथंच राहतो. ती तुझी गाडी अंगणात लावून, कव्हर घालून गेली. मला नेण्या-आणण्यासाठी गल्लीतला एक रिक्षावाला ठरवून गेली. भला माणूस आहे, पण तो बोलत नाही, आणि मलाही त्याच्याशी काय बोलावं कळत नाही.

गेल्या आठवड्यात रस्त्याचं काम संपलं. बोर्ड काढले, कडेला मांडलेली पिंपं उचलली, तलावापासून टी पॉइंटपर्यंत नवा कोरा सिमेंटचा रस्ता झाला. इलियास आणि त्याची माणसं दुसरीकडं कुठं तरी गेली, शेंद्र्याकडं काम निघालंय असं रिक्षावाला म्हणाला. लोक खूश आहेत. वर्षानुवर्षांचा त्रास गेला म्हणतात. खरंच आहे. काल मी मशीनवरून उठून रिक्षात बसलो आणि डोळे मिटले. एकही धक्का बसला नाही, हातातून रक्ताचा थेंब आला नाही, कुठं थांबावं लागलं नाही. डोळे उघडले तर घर आलं होतं. इतक्या लवकर. मला वाटलं, अजून तलावसुद्धा आला नसेल. रिक्षावाला म्हणाला, ‘उतरा काका, पोचलो.’ मी बसून राहिलो. त्याला वाटलं, मला चक्कर आली, म्हणून त्यानं हात पुढं केला. मी तो धरला आणि उतरलो, कुलूप काढलं, आत गेलो.